आज्ञाबाईने न पाहिलेली सकाळ

खरं सांगा. तुमचा पाठचा भाऊ तुरुंगात आहे. त्याने काही केलेलं नाही हे तुम्हाला स्वतःच्या नावाइतकं पक्कं ठाऊक आहे. कोर्टात उभं राहून तुम्ही एकच वाक्य बोललात की तो सुटतो. वाक्य खोटं आहे. बोलाल की नाही?

बोलाल. उगाच मान खाली घालू नका, सगळेच बोलतात. ज्या गल्लीची ही गोष्ट आहे तिथे तर असल्या वाक्यांवर घरं चालतात. समोर कोर्टाची दगडी इमारत, तिच्या पायऱ्या, आणि पायऱ्यांच्या बरोबर समोर ही गल्ली. टायपिंगवाले, चहावाला, झेरॉक्सवाला, आणि भिंतीच्या सावलीत बाकड्यावर ओळीने बसलेले साक्षीदार. कुणाचे साक्षीदार, असं विचारू नका. जो बोलवेल त्याचे. कुणाचा अपघात, कुणाची मारामारी, कुणाचं मृत्युपत्र, ही मंडळी सगळीकडे हजर होती. त्यातल्या एकाने एकदा एकाच दुपारी दोन वेगळ्या शहरांत दोन वेगळी भांडणं डोळ्यांनी पाहिल्याचं शपथेवर सांगितलं, दोन वेगळ्या न्यायाधीशांपुढे, आणि दोघांनीही ते लिहून घेतलं. गल्लीत त्या दिवशी चहा त्याच्याकडून होता.

या गल्लीच्या तोंडाशी एका बाईचं इस्त्रीचं टेबल. टेबलावर घडी घातलेलं जुनं ब्लँकेट, त्यावर पांढरी चादर, कोळशाची जड इस्त्री, आणि झाकणाला भोकं पाडलेली पाण्याची बाटली. वकिलांचे काळे कोट ती उलटे करायची, वर ओला फडका टाकायची आणि मग दाबायची, म्हणजे कापडाला चकाकी येत नाही. गल्लीने तिचं नाव आज्ञाबाई ठेवलं होतं. ती ख्रिस्ती होती, आणि रोज सकाळी कोळसे फुलेपर्यंत बायबलचं एखादं पान वाचायची, ओठ हलवत. पहिल्यांदा कुणीतरी विचारलं होतं, काय लिहिलंय त्यात. ती म्हणाली, देवाच्या आज्ञा. बस, तेवढ्यावर बारसं झालं. हाक मारणाऱ्यांना वाटायचं आपण टिंगल करतोय. तिला ते नाव आवडायचं, हे तिने कुणाला कळू दिलं नाही.

तिला संत समजू नका. तोंड फटकळ होतं. पोलीस शिपाई वर्दी फुकट इस्त्री करून मागायचे, तर ती म्हणायची, वर्दी सरकारची आहे, कोळसा माझ्या बापाचा आहे. एकदा त्यांनी तिचं टेबल उचलून रस्त्याच्या मधोमध ठेवलं. तिने परत आणून जागेवर ठेवलं, सांडलेले निखारे चिमट्याने गोळा केले, आणि त्याच शिपायाला ओरडून सांगितलं की तुझ्या वर्दीचं एक बटण लटकतंय, पडायच्या आत शिवून घे. असली बाई. चर्चमध्ये सुद्धा पहिल्या बाकावरच्या बायका तिच्यापासून चार हात लांब बसायच्या, कारण प्रवचनात पाळक घसरला की ही तोंडातल्या तोंडात 'च्' करायची.

बाकड्यावरच्या साक्षीदारांचे शर्टही तिच्याकडेच यायचे. गल्लीची एक रीत होती. ज्या दिवशी साक्ष असेल त्या दिवशी सकाळी साक्षीदाराने शर्ट इस्त्री करून घ्यायचा. मळका, चुरगळलेला माणूस खोटं बोलला तर ते खोटं वाटतं, कडक कॉलरचा माणूस बोलला की खरं. मग काय, कुणाच्या अंगात कडक शर्ट आहे हे बघून चहावाल्यालाही कळायचं, आज कोण वर जाणार. विरुद्ध पक्षाची माणसंसुद्धा चहा पीत शर्टांवर नजर ठेवून असायची.

खोटं बोलणाऱ्यांचे शर्ट आपण करावेत का, याचा आज्ञाबाईने पुष्कळ विचार केला होता. शेवटी तिने ठरवलं की कापडाने काही पाप केलेलं नाही. पण शर्ट हातात देताना ती प्रत्येकाला सांगायची, शर्ट स्वच्छ आहे, बाकीचं तू बघ. ते हसायचे. सगळ्यात मोठ्याने हसायचा शपथराव. हा त्या बाकड्याचा राजा. पूर्वी नाटक कंपनीत पडद्याआडून नटांना वाक्यं पुरवायचा. कंपनी बुडाली, वाक्यं शिल्लक राहिली. कोर्टात असा काही बोलायचा की ऐकणाऱ्याला आपणही तिथे होतो असं वाटावं.

आता भाऊ. वडील गेले तेव्हा तो शाळेत जाण्याइतकाही नव्हता. आज्ञाबाईने त्याला इस्त्रीच्या टेबलाखाली झोपवून वाढवला. स्वतःचं लग्न राहून गेलं, त्याबद्दल तिने कधी उसासा टाकला नाही आणि दुसऱ्याने टाकलेला खपवून घेतला नाही. भाऊ मोठा झाला, गाडी शिकला, आणि एका बड्या कंत्राटदाराच्या घरी ड्रायव्हर लागला. कामावर जाण्याआधी तो रोज कोळशाचं पोतं खांद्यावरून आणून टेबलाशी टाकायचा, ताईकडचा चहा प्यायचा आणि मग जायचा. रोज.

आज्ञाबाईला ती नोकरी आवडत नव्हती. कंत्राटदाराच्या घरात एक पद्धत होती, आणि ती अख्ख्या शहराला माहीत होती. पोराने गाडी ठोकायची आणि किल्ली ड्रायव्हरच्या हातात द्यायची. आधीचा ड्रायव्हर अशीच किल्ली घेऊन तुरुंगात जाऊन आला होता, आणि परत आल्यावर त्याला राहायला खोली मिळाली होती. लोक म्हणायचे, नशीब काढलं त्याने. आज्ञाबाईने भावाला सांगितलं, नोकरी सोड. तो म्हणाला, दुसरी तू देतेस का? त्यावरून एका संध्याकाळी दोघांचं चांगलंच वाजलं. आई आदल्याच दिवशी मावशीकडे गेली होती, त्यामुळे मध्ये पडायला कुणी नव्हतं. सकाळी आज्ञाबाई उजाडायच्या आत उठली, तोंडावर पांघरूण घेऊन पडलेल्या भावाकडे तिने बघितलं न बघितल्यासारखं केलं, आणि एकटीच टेबलावर आली. त्या दिवशी कोळसा तिने स्वतः ओढून आणला. भाऊ आलाच नाही.

त्याच सकाळी कंत्राटदाराच्या पोराने बेकरीच्या वळणावर रस्ता झाडणाऱ्या एका म्हाताऱ्याला उडवला. म्हातारा जागच्या जागी गेला. त्याचा झाडू रस्त्याच्या पलीकडे जाऊन पडला.

दुपारच्या आत कंत्राटदाराचा मुकादम भावाकडे किल्ली घेऊन आला. म्हणाला, घे अंगावर, काही महिन्यांचा प्रश्न आहे, साहेब विसरणार नाहीत. भावाने किल्लीला हात लावला नाही. मी चालवत नव्हतो, एवढंच तो म्हणत राहिला. मुकादमाने कपाळावर हात मारला. बाबा, तुझ्या आधीचा शहाणा होता, तुला काय झालंय? तर भाऊ म्हणाला, ताईला तोंड काय दाखवू.

तोंड दाखवायची वेळच आली नाही. संध्याकाळी पोलीस आले. किल्ली त्याच्या खिशात सापडली म्हणाले. पुढे खटला उभा राहिला तेव्हा शपथराव साक्षीदार म्हणून आला, त्या सकाळी मी बेकरीपाशी होतो, याच माणसाला गाडी चालवताना पाहिलं, असं त्याने इतकं सुंदर सांगितलं की म्हाताऱ्याची बायको कोर्टात भावाकडे बघून रडली. शपथरावाच्या अंगावरचा शर्ट आज्ञाबाईनेच इस्त्री केला होता. कुठल्या खटल्यासाठी, हे तिला तो कोर्टात दिसेपर्यंत माहीत नव्हतं.

अटकेची खबर लागताच आई घरी आली होती आणि तिने पहिली गोष्ट केली ती ही, की लेकीकडे बोट दाखवलं. तुझ्या शिकवणीने गेला तो आत. मुकाट्याने हो म्हणाला असता तर आज खोली मिळाली असती. आई म्हणत होती त्यातलं पहिलं वाक्य खरं होतं, हे आज्ञाबाईला ठाऊक होतं. त्या दिवसापासून आईने तिच्याशी बोलणं टाकलं.

मग भावाचा वकील आला. तिच्याकडूनच कोट इस्त्री करून घेणारा, माणूस वाईट नाही, धंद्यात मुरलेला. त्याने टेबलाला टेकून समजावलं. भाऊ रोज कोळसा आणतो हे गल्लीतला कुत्रासुद्धा सांगेल. तुम्ही कोर्टात म्हणायचं, त्याही सकाळी आणला. अपघाताच्या वेळी तो तुमच्या टेबलापाशी होता. संपलं. तुमची गल्लीत पत आहे, बाई. उभ्या कोर्टात तुमच्यावर कुणी खोटेपणाचा आळ घेणार नाही.

आज्ञाबाई म्हणाली, म्हणूनच नाही.

वकिलाला कळलं नाही. ती म्हणाली, रोज आणायचा. त्या दिवशी आणला नाही. मी पाहिला नाही त्याला. वकील म्हणाला, पण तो निर्दोष आहे ना? आहे. मग? मग काय, ती म्हणाली, निर्दोष आहे म्हणून त्याला चोरून सोडवू काय?

हे बोलणं तोंडाने सोपं होतं. रात्रीचं काही सांगत बसत नाही, पण सकाळी तिच्या हातून पाणी शिंपडताना बाटली दोनदा पडायची. भाऊ तिच्या डोळ्यांसमोरून हलत नव्हता. ज्या पोराला तिने टेबलाखाली झोपवलं, तो तिच्याच एका शब्दासाठी आत बसला होता, आणि तो शब्द जिभेवर तयार होता. अवघड खोटं असतं तर तिने केव्हाच झटकून टाकलं असतं. हे खोटं लहान होतं, घरचं होतं, रोजच्या खऱ्यासारखं दिसत होतं. एक दिवस इकडचा तिकडे करायचा, एवढंच.

ती पाळकाकडे गेली. चर्चचं छप्पर नवीन होतं, कंत्राटदाराने घालून दिलेलं, आणि पाळकाने बोलताना दोनदा छपराकडे बघितलं. तो म्हणाला, देव मन बघतो, ताई. तुमचं मन स्वच्छ आहे. यावर तिने जे म्हटलं ते त्या चर्चमध्ये अजून लोक एकमेकांना सांगतात.

"मन बघतो, हे खरं. पण पाळकसाहेब, तो बहिरा आहे असं कुठे लिहिलंय?"

त्या रविवारी प्रभुभोजन होतं. त्यांच्याकडे नियम असा की घरात कुणाशी अबोला असेल तर आधी समेट करायचा, मगच भाकर आणि द्राक्षारस घ्यायला पुढे जायचं. आईचा अबोला सुटला नव्हता. त्यामुळे सगळी मंडळी उठून पुढे गेली आणि आज्ञाबाई एकटी बाकावर बसून राहिली. पहिल्या बाकावरच्या बायकांनी वळून बघितलं आणि त्यांना जे समजायचं ते समजलं. भाऊ आत, बहीण बाकावर, म्हणजे काहीतरी आहे. आणि आई? आई पुढे जाऊन घेऊन आली. येताना लेकीच्या पायाला अडखळली, तरी बोलली नाही. घरी सुद्धा ती आता भिंतीला सांगायची, जेवण झाकून ठेवलंय म्हणावं, खायचं तर खा म्हणावं. आज्ञाबाईही कमी नव्हती. तीही भिंतीलाच सांगायची, भूक नाही म्हणावं.

तिने नाही म्हटलं होतं, तरी वकिलाने तिला साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभं केलंच. त्याचा हिशेब असा होता की भावाला बेड्यांत समोर बघितलं की बाई विरघळेल. माणसं विरघळतात. त्याने कितीतरी विरघळलेली पाहिली होती.

भाऊ समोर होता. दाढी वाढलेली, शर्टाची कॉलर दुमडलेली. आज्ञाबाईच्या मनात पहिली गोष्ट काय आली असेल? ती कॉलर सरळ करावी, ही. वकिलाने मधाळ आवाजात विचारलं, त्या सकाळी तुमचा भाऊ कोळसा घेऊन तुमच्या टेबलापाशी आला होता ना?

"रोज येतो," ती म्हणाली. "त्या दिवशी नाही आला."

वकील म्हणाला, नीट आठवून सांगा.

"नीट आठवूनच सांगतेय. आदल्या दिवशी आमचं भांडण झालं होतं. मी निघाले तेव्हा तो झोपलेला होता. नंतर तो कुठे होता ते मी पाहिलं नाही. त्याने गाडी चालवली नाही असं मला वाटतं. पण ते वाटणं आहे. पाहणं नाही."

न्यायाधीशबाईंनी लिहिता लिहिता मान वर केली. सरकारी वकील उलटतपासणीसाठी उठला, क्षणभर उभा राहिला आणि काही न विचारता खाली बसला. आपल्याच माणसाच्या विरुद्ध जाणारं खरं त्या खोलीत इतक्या वर्षांत कुणी बोललं नव्हतं, त्यामुळे त्यावर काय विचारायचं असतं हेच तो विसरला होता. आई मागच्या बाकावरून उठली आणि बाहेर निघून गेली. भावाने मान खाली घातली. पुढे भेटीच्या दिवशी जाळीपलीकडून तो ताईला म्हणाला, तू हो म्हणाली असतीस तर मला बरं वाटलं असतं, आणि तू हो म्हणाली असतीस तर मला फार वाईट वाटलं असतं, आता तूच बघ काय ते. तिने जाळीतून बोट घालून त्याची कॉलर सरळ केली.

गल्लीत तिची काय टर उडाली ते विचारू नका. टायपिंगवाले म्हणाले, आज्ञाबाईने आज्ञा पाळली, आणि भाऊ पाळायला तुरुंगाला दिला. एकटा शपथराव हसत नव्हता. तो त्या दिवशी कोर्टात मागे, दाराला टेकून उभा होता. दुसऱ्या कुठल्या तरी खटल्यासाठी आलेला. त्या दिवसापासून तो बाकड्यावर बसेना, टेबलाच्या आसपास घुटमळायचा आणि काही न बोलता निघून जायचा.

पुढच्या तारखेच्या सकाळी तो शर्ट घेऊन आला. टेबलावर ठेवला आणि म्हणाला, ताई, आज तुमच्या भावाच्या खटल्यात जातोय. मागे बोललो ते खोटं होतं. आज खरं सांगतो.

आज्ञाबाईने त्याच्याकडे बघितलं आणि तिचं डोकं सटकलं. आता कुणी भाड्याने घेतलाय तुला, तिने विचारलं. आमच्या वकिलाने? तो म्हणाला, कुणी नाही. कुणी नाही म्हणजे? कुणी नाही म्हणजे कुणी नाही, ताई. आयुष्यभर शंभर पक्षांकडून बोललेला माणूस, आणि म्हणे कुणी नाही. तिने तो शर्ट उचलला आणि त्याच्या तोंडावर फेकला. "माझ्या भावासाठी खोट्याचा धागा सुद्धा नको," ती म्हणाली. "चालता हो."

शपथरावाने शर्ट झेलला. तिथेच भिंतीकडे तोंड करून अंगातला मळका काढला आणि तो चुरगळलेला अंगात घातला. मग तो पायऱ्यांकडे निघाला.

समोर चहाच्या टपरीवर कंत्राटदाराचा मुकादम बसला होता. तारीख असली की तो तिथे असायचाच, आपल्या बाजूचं कुणी फुटत नाही ना हे बघायला. त्याने शपथरावाला येताना पाहिलं, त्याच्या शर्टाच्या सुरकुत्या पाहिल्या, आणि पुन्हा बशीत चहा ओतला. चुरगळलेला शपथराव म्हणजे सुटीवरचा शपथराव. गल्लीतल्या कुठल्याही माणसाने हीच चूक केली असती.

आज्ञाबाईनेही तेच पाहिलं, पण तिला उलटं दिसलं. भाड्याने घेतलेला माणूस कडक शर्टाशिवाय वर जात नाही. पैसे देणाराच जाऊ देत नाही. हा तर तसाच निघाला होता. म्हणजे खरोखरच कुणी नव्हतं मागे. देवा, ती पुटपुटली, आयुष्यात एकदा खरं बोलायला आला आणि मी त्याला हाकललं. खरं बोलण्याचा मक्ता जणू माझ्याकडेच. ती इस्त्री तशीच टाकून धावली. इस्त्रीखाली सरकारी वकिलाचा झगा होता. त्याला पडलेलं भोक तिने त्याच संध्याकाळी स्वतः जाऊन दाखवलं, आणि कुठलीही सबब न सांगता नवा शिवून दिला.

ती धापा टाकत वर पोचली तेव्हा शपथराव हात जोडून न्यायाधीशबाईंना सांगत होता की मला माझी साक्ष दुरुस्त करायची आहे. सरकारी वकिलाने हरकत घेतली. न्यायाधीशबाईंनी शपथरावाला बजावलं की आधी खोटी शपथ घेतली असं कबूल केलं तर तुमच्यावरच खटला होईल. तो म्हणाला, माहीत आहे. मग त्याला पिंजऱ्यात जाऊ दिलं.

आणि गंमत बघा. ज्या माणसाने न पाहिलेल्या मारामाऱ्या रंगवून रंगवून सांगितल्या, त्याला पाहिलेली एक गोष्ट सांगता येईना. वाक्य सुरू करायचा आणि अर्ध्यात सोडायचा. हात कुठे ठेवावे कळत नव्हतं. तुकड्या तुकड्यांनी जे बाहेर आलं ते एवढंच, की त्या सकाळी तो खरोखर बेकरीच्या वळणावर होता, पाव घ्यायला. गाडी आली. म्हातारा पडला. गाडी थांबली, काच खाली झाली, आणि चालवणारा कंत्राटदाराचा पोरगा होता. मग गाडी गेली. दोन दिवसांनी मुकादम त्याच्याकडे आला आणि बेकरी कुठे, वळण कुठे, हे त्याला समजावून सांगू लागला. शपथराव मान डोलावत राहिला. ती जागा त्याने मुकादमापेक्षा नीट पाहिली होती.

भावाच्या वकिलाचे डोळे चमकले. लोखंड तापलेलं बघून तो पुढे सरसावला. पोरगा दारू प्यालेला होता ना? डोळे लाल होते ना? शपथरावाचं तोंड उघडलं. असली वाक्यं त्याला झोपेतही येत होती. त्याने दाराकडे बघितलं. आज्ञाबाई तिथे उभी होती, कपाळावरचा घाम पुसत. तिने काही खूण केली नाही. नुसती बघत राहिली.

"ते नाही पाहिलं," शपथराव म्हणाला. "काच लगेच वर झाली."

न्यायाधीशबाईंनी विचारलं, तुम्ही या कोर्टात किती वेळा खोटं बोललात ते या खोलीतल्या प्रत्येकाला माहीत आहे, मग आज तुमच्यावर विश्वास का ठेवावा? शपथरावाने पिंजऱ्याचा कठडा धरला. मग म्हणाला, "ठेवू नका, बाईसाहेब. मी तुमच्या जागी असतो तर नसता ठेवला. पण ती बाई भावाला सोडवायला खोटं बोलली नाही, ते मी इथे उभं राहून ऐकलं. तेव्हापासून मला जेवण जात नाही."

भावाला त्या दिवशी जामीन मिळाला. शपथरावाला शिपाई घेऊन गेले, खोट्या शपथेच्या गुन्ह्यात. आज्ञाबाई व्हरांड्यात त्याच्या आडवी उभी राहिली आणि सगळ्यांसमोर म्हणाली, तुमचा शर्ट फेकला, चुकलं माझं, माफ करा. या बाईने आयुष्यात कुणाची अशी माफी मागितलेली गल्लीने पाहिली नव्हती. शपथराव हसला, पण नेहमीसारखा नाही. म्हणाला, खरं बोलताना घसा इतका कोरडा पडतो हे कुणी आधी सांगितलं नव्हतं, ताई. चहावाल्याने पाण्याचा ग्लास पुढे केला. मुकादम तोपर्यंत टपरीवरून पसार झाला होता.

इथे टाळ्या वाजवून पुस्तक मिटू नका. भाऊ सुटलेला नाही, जामिनावर आहे. आईने अबोला सोडला, पण अजून ती भावाशी दहा वाक्यं बोलते तेव्हा लेकीशी एक बोलते. पुढच्या प्रभुभोजनाला मात्र दोघी एकाच रांगेत गेल्या. शपथराव आत आहे, आणि आज्ञाबाई दर भेटीच्या दिवशी त्याला बघायला जाते. कंत्राटदाराची माणसं म्हणतात, धंदेवाईक खोटारड्याच्या एका शब्दावर आमच्या पोराला कोण हात लावणार? आणि खरं सांगायचं तर कायद्याने ते चुकीचं बोलत नाहीत. आणखी एक साक्षीदार हवा.

साक्षीदार आहेत. त्या सकाळी बेकरीपुढे पावासाठी रांग होती. काच खाली झालेली, चेहरा बाहेर आलेला त्या रांगेने पाहिलाय. म्हातारा ज्यांची दारं झाडायचा, तीच ही माणसं. आज्ञाबाई आता कोळसे पेटवायच्या आधी रोज त्या रांगेपाशी जाऊन उभी राहते. आरडाओरडा करत नाही. एकेकाला विचारते, तुम्ही पाहिलंत का? लोक आपल्या हातातल्या पावाकडे बघतात. कुणी म्हणतं मी त्या दिवशी आलोच नव्हतो. कुणी म्हणतं बाई, घरी लेकरं आहेत. कुणी गळ्यात क्रूस घातलेला, तोही रस्ता बदलतो. एक जण मात्र तिच्या कानाशी येऊन म्हणाला, मी नव्हतो तिथे, पण म्हणा तर होतो म्हणतो, तुमच्यासाठी. तिने त्याला हात जोडले आणि घरी पाठवलं.

तेव्हा तुम्हाला विनंती आहे. तिच्यावर दया येऊन, तिच्या भावाची कीव येऊन, पाहिलं नसताना पाहिलं म्हणायला येऊ नका. ती तुम्हाला परत पाठवेल, आणि बरोबर करेल. पण तुमच्या रांगेत, तुमच्या वळणावर, तुमच्या डोळ्यांदेखत असं काही घडलं असेल आणि आजवर मूग गिळून बसला असाल, तर उठा. शर्ट कसाही असो, कोर्टाच्या पायऱ्या चढा, आणि जेवढं पाहिलंत तेवढं सांगा.